साठातले बारा

आजीच्या घराच्या वरच्या अंगाला एक बंद घर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्या उतारावर वसलेल्या असतात, त्यामुळे आमच्याकडे शेजारी डावीकडे-उजवीकडे कमी आणि वर-खाली जास्त असतात. या घराला सगळे 'वरचं घर'च म्हणतात. माझ्या आठवणीत ते कधी उघडं नव्हतं. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं त्याच्या ओटीवर पत्ते कुटायचो, तेव्हा निदान कौलं जागच्या जागी होती. नंतर एका पावसाळ्यात आढं मधेच बसलं, कौलं घसरली आणि पाणी आत शिरायला लागलं. कोकणातल्या घराचं मरण तिथून सुरू होतं. जांभ्याचा चिरा शंभर वर्षं उभा राहील, पण दोन चिऱ्यांमधली माती धुऊन गेली की त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. शाकारायला कोणी नसेल तर एका कौलाचं भोक चार पावसाळ्यांत खोलीएवढं होतं.

गेल्या दिवाळीला गेले तेव्हा त्या घराची आमच्याकडची भिंत बाहेर झुकलेली दिसली. वाडीतल्या गवंड्याने ओळंबा सोडून दाखवला. चार बोटं. भिंतीच्या बरोब्बर खाली आमचं न्हाणीघर आहे आणि तिथे पहाटे पाच वाजता माझी ब्याऐंशी वर्षांची आजी पाण्याखाली जाळ घालत बसलेली असते.

"दोन दिवसांचं काम," गवंडी म्हणाला. "चिरा चिरा सोडवून खाली घेतो. पावसात आपसूक आली तर न्हाणीघरावरच येणार. पण मालकाला विचारून ठेव हां. उद्या कोण मुंबईवरून येऊन माझं नाव पोलिसात घालील."

मालक कोण हे शोधायला मला पाच महिने लागले. खरं तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं होतं. एक नाही, चार मिळाली होती. खालच्या घरातले काका म्हणाले, "नालासोपाऱ्याच्या पोराचं. चावी त्याच्याकडे असते." दुकानदार म्हणाला, "थोरल्याचं. दारावर पाटी बघ ना त्याची." ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणाला, "ज्याची घरपट्टी त्याचं घर." आणि आजी म्हणाली, "त्यांचं."

"कोणाचं?"

"त्यांचंच गो. वरच्यांचं."

*

सुरुवात शिपायापासून केली, कारण त्याच्या उत्तरात कागद होता. ग्रामपंचायतीत 'नमुना ८' नावाची आकारणी नोंदवही असते. गावातलं प्रत्येक घर, त्याचं क्षेत्रफळ, भिंती कसल्या, छप्पर कसलं, किती कर, सगळं त्यात असतं. वरचं घर त्यात होतं. मालक म्हणून ज्यांचं नाव होतं ते थोरले काका १९९४ साली वारले. घरपट्टी मात्र या मार्चपर्यंत भरलेली. मेलेल्या माणसाच्या नावाने पावती फाटत होती आणि पैसे नालासोपाऱ्याहून, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलाकडून येत होते.

घरपट्टी भरणारा मालकच असतो, हा समज गावात इतका घट्ट आहे की लोक पावत्या देव्हाऱ्यामागे जपून ठेवतात. पण नमुना ८ हे कर वसूल करायचं रजिस्टर आहे. ग्रामपंचायतीला पैसे कोणाकडे मागायचे एवढंच त्यातून ठरतं. घर कोणाचं हे ठरवायचा अधिकार त्या वहीला नाही, आणि कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे.

मग जमीन. गावठाणातली घरं आणि गावठाणाबाहेरची घरं यांचे कागद वेगळे असतात. गावठाणात शेतजमिनीसारखा सातबारा नसतो. तिथली मोजणी करून लोकांना मिळकत पत्रिका देण्यासाठी २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना आहे, ज्यात ड्रोन उडवून गावठाणं मोजतात. पण कोकणात गाव म्हणजे एका जागी बांधलेली घरं नसतात. आठ-दहा वाड्या डोंगरभर विखुरलेल्या असतात आणि त्यातल्या कितीतरी वाड्यांतली घरं शेतजमिनीवर उभी असतात. आमची त्यातलीच. म्हणजे ड्रोनचा उपयोग नाही, सातबाराच काढायचा.

सातबारा काढणं आता पाच मिनिटांचं काम आहे. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, सर्व्हे नंबर टाकायचा, मोबाइल नंबर आणि तो न वाचता येणारा कॅप्चा भरायचा. बघायला फुकट, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. वरच्या घराचा नंबर कोणालाच माहीत नव्हता, पण आमचा माहीत होता. एकाच सर्व्हे नंबरचे हिस्से शेजारीशेजारी असणार, म्हणून मी एकेक हिस्सा नंबर टाकत गेले. चौथ्या प्रयत्नात सापडला.

साडेचार गुंठे. भोगवटादाराच्या रकान्यात तीन भावांची नावं, पहिल्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिघेही वारलेले. आणि उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यात आणखी तीन नावं, तिन्ही बायकांची.

मी कामावर डेटाबेस सांभाळते, त्यामुळे हा कागद मला ओळखीचा वाटला. सातबारा म्हणजे टेबलची आजची अवस्था. ती अवस्था कशी आली याचा लॉग दुसरीकडे असतो, त्याला फेरफार म्हणतात, गाव नमुना ६. सातबाऱ्यावर प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो तो त्या फेरफाराचा. आजच्या अवस्थेवर किती विश्वास ठेवायचा हे लॉग बघितल्याशिवाय कळत नाही. कायद्यानेही सातबाऱ्याची नोंद तेवढीच धरलेली आहे: उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची. तिच्यामुळे मालकी जन्माला येत नाही.

फेरफार जुना, हाताने लिहिलेला. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागला, दोन खेपा झाल्या, पण नक्कल मिळाली. १९६४ची नोंद. मूळ पुरुष १९६३ साली मयत. वारस तीन मुलगे, एक विधवा, दोन विवाहित मुली. मुलग्यांची नावं कब्जेदार सदरी. विधवा आणि मुलींची नावं इतर हक्कात.

इतर हक्काचा रकाना बघण्यासारखा असतो. विहिरीच्या पाण्यातला वाटा, सोसायटीचा बोजा, वहिवाटीची वाट, कुळाचं नाव, असल्या गोष्टी तिथे लिहितात. आमच्याकडच्या जुन्या सातबाऱ्यांवर त्यांच्याच रांगेत बहिणी बसलेल्या असतात. त्या नोंदवलेल्या असतात, हे खरं. पण नोंदवलेल्या अशा जागी की कोणी 'मालक कोण' म्हणून वाचायला गेला तर त्याची नजर डावीकडेच थांबेल. माझीही थांबली असती, पण मोबाइलवर तो कागद आडवा सरकवावा लागतो आणि तो नको तितका सरकला.

१९६४ नंतर त्या जमिनीवर एकही वारसनोंद नव्हती. माणूस गेल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं असं महसूल कायदा सांगतो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण वाडीत अजून 'तलाठी भाऊसाहेब'च.) ज्याला कर्ज काढायचं नाही, जमीन विकायची नाही, तो कशाला जाईल कळवायला? मृत्यूच्या दाखल्यावरून सातबारा आपोआप बदलत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधून बघितला, तिथेही काही नाही. म्हणजे निदान अलीकडच्या वर्षांत कोणी रीतसर विकलेलं नाही.

थोडक्यात, साठ वर्षांत तीन भाऊ, एक आई आणि एक बहीण गेली, आणि कागदाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

*

जिवंत माणसं शोधायला सरकारी कागदाचा उपयोग संपला होता. तिथे कामाला आली ती दोन रजिस्टरं: आजी आणि मुंबई मंडळाची वर्गणीची वही.

कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचं, कधीकधी वाडीचंसुद्धा, मुंबईत एक मंडळ असतं. गिरणीत कामाला गेलेल्यांनी लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या धरल्या, एकेका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपले, आणि देवळाच्या जीर्णोद्धारापासून मयताच्या खर्चापर्यंत वर्गणी काढत राहिले. १९८२च्या संपानंतर खोल्या सुटल्या, माणसं नालासोपारा-विरार-दिव्याकडे पांगली, पण वही चालू राहिली. आता ती एक्सेलमध्ये आहे. मंडळाच्या सेक्रेटरी काकांनी वरच्या घराच्या नावाने गेल्या तीस वर्षांत कोणी कोणी वर्गणी दिली ते एका संध्याकाळी पाठवून दिलं. फोन नंबर आधी त्या त्या माणसाला विचारून मगच दिले, हे मला आवडलं.

उरलेलं आजीने सांगितलं. वर्गणीच्या वहीत बायका नसतात. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण किती वर्षांची असताना विधवा झाली, कोणाला मूल नाही, कोणाचा मुलगा लग्नानंतर चार वर्षांत गेला, हे सगळं तिने पडवीत बसून कोकमं सोलता सोलता सांगितलं आणि मी लॅपटॉपवर झाड काढत गेले. मधेच ती थांबून म्हणायची, "ती नको लिहूस, ती दुसऱ्या घरातली."

झाडाला अठरा पानं लागली. थोरल्या भावाची तीन मुलं हयात, चौथा मुलगा गेलेला, त्याची बायको आणि दोन मुलं. मधल्याची विधवा आणि एक मुलगी. धाकट्याची विधवा आणि तीन मुलं. मोठ्या बहिणीची पाच मुलं. आणि धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी, आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या गावात.

वाटे काढायला वकील असलेली एक मैत्रीण मदतीला आली. तिने आधीच बजावलं की हे कोर्टाचं मत नाही, फोनवरचं आहे. घर मूळ पुरुषाने स्वतः उभं केलं असेल तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली सगळ्यांना सारखा वाटा, आणि विधवा गेल्यावर तिचा वाटा पुन्हा पाच मुलांत सारखा. वडिलोपार्जित असेल तर पूर्वी गणित फार वेगळं झालं असतं. पण २००५च्या दुरुस्तीने मुलगीही जन्माने सहदायाद झाली, आणि त्यासाठी वडील २००५ साली जिवंत असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. वाटप आधीच रीतसर होऊन गेलं असेल तर गोष्ट वेगळी. इथे तर कधी वाटपच झालेलं नाही. म्हणजे कुठल्याही वाटेने गेलं तरी पाच भावंडांचे पाच सारखे भाग.

मी घराचे साठ भाग केले. थोरल्याच्या हयात मुलांना तीन-तीन. गेलेल्या मुलाच्या बायकोला आणि दोन मुलांना एकेक. मधल्याच्या विधवेला आणि मुलीला सहा-सहा. धाकट्याच्या घरातल्या चौघांना तीन-तीन, म्हणजे चावी आणि घरपट्टी ज्याच्याकडे तो नालासोपाऱ्याचा मुलगा साठातल्या तीन भागांचा मालक. मोठ्या बहिणीच्या पाच मुलांत मिळून बारा.

आणि धाकटी बहीण हयात आहे, तिचा वाटा अजून कोणात वाटला गेलेला नाही. तिचे एकटीचे बारा. अठरा जणांत सगळ्यात मोठी मालक तीच निघाली. तिच्याकडे चावी नव्हती, नमुना ८ मध्ये तिचं नाव नव्हतं, मंडळाच्या वहीत नव्हतं, आणि मी पहिल्या दिवशी ज्या चौघांना विचारलं होतं त्यातल्या एकानेही तिचं नाव घेतलं नव्हतं.

मैत्रिणीने फोन ठेवता ठेवता आणखी एक सांगितलं. २००५ पर्यंत या कायद्यात कलम २३ होतं. कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीला वाटा असला तरी, भाऊ वाटप करायला तयार होईपर्यंत तिला तो मागता येत नव्हता. लग्न झालेल्या मुलीला तर तिथे राहायचाही हक्क नव्हता. ती विधवा झाली किंवा नवऱ्याने टाकली, तरच. म्हणजे संसार मोडला तर माहेरी एक कोपरा. ते कलम २००५ साली काढून टाकलं. वाडीत त्याची बातमी अजून पोचायची आहे.

*

मधे शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि त्यासाठी मुंबईची माणसं दोन दिवसांची रजा काढून कुलपं उघडायला येतात. वरच्या घरी कोणी आलं नाही. तरी पालखी त्या अंगणात थांबते. आजी दरवर्षी आदल्या दिवशी तिथलं गवत काढून सडा घालते, नारळ ठेवते. गाऱ्हाणं घालणाऱ्या आजोबांनी त्या घराच्या वतीने देवीला सांगितलं की या घरची पोरंबाळं, सुना, सासरी गेलेल्या लेकीबाळी, जिथं असतील तिथं त्यांना सांभाळ. त्या उताऱ्यात कोणी सुटलेलं नव्हतं आणि कोणी उजवीकडच्या रकान्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन मी त्या गावी गेले. आजीने नको म्हणून बघितलं, मग लुगडं बदललं. त्या घरची मुलगी भावकीतली, म्हणून आजी तिला वन्सं म्हणते. आजी लग्न होऊन वाडीत आली ते वर्ष आणि वन्सं लग्न होऊन गेली ते वर्ष यांत जेमतेम एका वर्षाचं अंतर होतं. "विहिरीवर कुठल्या पायरीला शेवाळ असतं ते तिनेच मला दाखवलं," आजी रिक्षात म्हणाली. नंतर दोघी एकमेकींना लग्नामयतातच भेटल्या.

मी त्यांना आत्याआजी म्हणाले. त्या ओटीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. नीट ऐकू येत होतं, डोळे थोडे अधू. चहा झाला. भिंतीचं सांगितलं, फोटो मोठा करून दाखवला. "ही तर माजघराची," त्या लगेच म्हणाल्या. मग मी कागद काढला आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की घराचे साठ भाग केले तर त्यातले बारा तुमचे आहेत आणि एवढे दुसऱ्या कोणाचेच नाहीत.

त्यांनी तांदळातून हात काढला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "म्हणजे अण्णांनी माझं नाव घातलेलं?"

अण्णा म्हणजे थोरला भाऊ. १९६४ साली वारसांची माहिती देताना त्याने किंवा त्याच्या आईने बहिणींची नावं सांगितली होती, म्हणून ती त्या रकान्यात तरी आली. कित्येक घरांत तेवढंही झालेलं नाही. मी हो म्हणाले.

"मला वाटलं, गेलं ते. भाऊ होते तवर जात होते गौरीला. मग चावी गेली मुंबईला." आणि मग, आजीकडे बघून, "तुझ्या न्हाणीघरावर येते का भिंत? मग पाड की. विचारतेस काय?"

मी म्हटलं, "तुमची परवानगी लागेल."

त्या हसल्या. आजीही हसली. चौऱ्याऐंशी वर्षांत कोणी त्यांना या घराबद्दल काही विचारायची ही पहिलीच वेळ असावी, आणि तो प्रश्न नेमका पाडायचा होता.

*

पुढचे आठ दिवस माझा फोन वाजत राहिला. मी 'वरचं घर – भिंत' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता आणि त्यात सगळ्यांना एकच मजकूर टाकला होता: भिंतीचे फोटो, ओळंब्याचा फोटो, सातबारा, आणि ते झाड. वाटे लिहिले नव्हते, पण झाड दिसल्यावर भागाकार कोणालाही करता येतो. थोरल्यांच्या एका मुलाने मला सांगितलं की तुम्ही लोक आमच्या घरात भांडणं लावताय. दुसऱ्याने विचारलं, तुला यात काय मिळणार? मधल्याच्या मुलीने आत्याआजींच्या नातवाचा नंबर मागितला आणि नंतर अर्धा तास माझ्याशी फोनवर रडली, कारण तिच्या आईच्या नावाचाही त्या घरात कधी विचार झाला नव्हता. नालासोपाऱ्याचा मुलगा सगळ्यात शांत होता. "ताई, मी अकरा वर्षं घरपट्टी भरतोय," तो म्हणाला. "कोणी भरत नव्हतं म्हणून. मला मालक नाही व्हायचं. मला फक्त ते असंच पडलेलं बघवत नाही, म्हणून मी येत नाही."

ते घर बेवारस आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. प्रत्यक्षात त्याला अठरा वारस आहेत आणि त्यातला एकही जण एकटा कौल बदलू शकत नाही. एकाने पदरचे दोन लाख घालून छप्पर केलं तर उरलेले सतरा म्हणतील, हा घर घशात घालायला बघतोय. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. विकायचं तर अठरा सह्या. नुसता आपला वाटा विकता येतो, पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात तसा वाटा घेतलेल्या परक्याला इतरांबरोबर ताबा मागता येत नाही, त्यामुळे घेणार कोण? सगळ्यांच्या सोयीचा असा एकच निर्णय उरतो, काही न करणं. पाऊस त्याचं काम करत राहतो. गावागावातल्या पडक्या घरांकडे बघून 'मुंबईवाल्यांना गावाची ओढ राहिली नाही' असं म्हणणारी भाषणं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ओढ आहे. नालासोपाऱ्याहून दरवर्षी घरपट्टी येते.

बाबा माझ्यावर चिडले होते. भिंत पाडायची होती, त्यात बायकांची नावं कशाला काढलीस, असं त्यांचं म्हणणं. योगायोगाने त्याच आठवड्यात, हिस्सा नंबर शोधताना उघडलेला आमचाच सातबारा मी नीट वाचला होता. त्यावर बाबा आणि काका. दोन्ही आत्यांची नावं कंसात, खाली फेरफाराचा आकडा: नोंदणीकृत हक्कसोडपत्र. मी बाबांना विचारलं. "त्यांनी स्वखुशीने दिलंय. विचार हवं तर." मी धाकट्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, "हो गं, सह्या केल्या आम्ही. कोणी जबरदस्ती नाही केली." थोडं थांबून म्हणाली, "नाही दिलं तर माहेरची वाट बंद होते. कोणी बोलून दाखवत नाही, पण होते." मग तिने विचारलं आंबे लागलेत का, आणि पेटी कधी पाठवताय.

हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

*

भिंतीचा निर्णय शेवटी अठरा जणांच्या सहमतीने झाला नाहीच. तेरा जणांनी हो लिहिलं, तिघे गप्प राहिले, दोघांनी 'गणपतीत समक्ष बोलू' म्हटलं. गणपती येतात ते पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर. मग मी ग्रामपंचायतीत फोटोंसकट अर्ज दिला. ग्रामपंचायतीने धोकादायक भिंतीची नोटीस काढली आणि ती नमुना ८ मधल्या मालकाच्या नावाने, म्हणजे १९९४ साली वारलेल्या थोरल्या काकांच्या नावाने, कुलपाशेजारी चिकटवली. सात दिवसांत भिंत उतरवावी. त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकल्यावर गप्प असलेल्या तिघांतल्या एकाचा अंगठा आला. 'समक्ष बोलू'वाल्यांचं काही आलं नाही, पण हरकतही आली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात गवंड्याने दोन गडी घेऊन भिंत वरून सोडवायला घेतली. दोन दिवसांचे तीन झाले. आतली बाजू पहिल्यांदा उजेडात आली: माजघराच्या भिंतीतला दिव्याचा कोनाडा, त्याच्यावर काजळीचा उभा पट्टा, शेजारी खुंटी. मजुरी मी दिली, नंतर चौघांनी ग्रुपवर हिशोब मागून आपापला वाटा पाठवला. एकीने एकशे पन्नास रुपये पाठवले आणि विचारलं, बरोबर आहेत ना?

मग नवाच प्रश्न आला. चिरे. फुटके-तुटके सोडून २४० सबंध चिरे निघाले, आजीच्या खळ्यात रचून ठेवले. जुना घडीव चिरा, आजच्या यंत्राने कापलेल्यापेक्षा जाड. गवंडी म्हणाला, कोणाला तरी द्या, पावसात वाट अडेल. वाडीतल्या एकाने भावही केला. मी ग्रुपवर आकडा टाकला. दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. घराच्या बाबतीत जे साठ वर्षं झालं तेच आता चिऱ्यांच्या ढिगाचं होणार, असं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी आत्याआजींच्या नातवाचा फोन आला. आजीला बोलायचंय म्हणाला. "किती निघाले म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "त्यातले माझे किती?"

"पाचवा हिस्सा. अठ्ठेचाळीस."

"मग ते पाठव. दारापुढची पायरी खचलीय, ती बांधायची. बाकीचे ज्याचे त्याला विचार."

मी ग्रुपवर तसं लिहिलं. नालासोपाऱ्याहून 'ओके' आलं. थोरल्यांच्या मुलाने, मला भांडणं लावणारी म्हणणाऱ्याने, लिहिलं: 'आत्याला चांगले निवडून द्या, कड तुटलेले नकोत.'

छोटा हत्ती दोन खेपा करून गेला, कारण एवढं वजन एका खेपेत झेपत नाही. आजी खळ्याच्या पायरीवर बसून मोजत होती. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर म्हणाला झाले, आणि ती म्हणाली, अजून एक.